क्री नसलेल्या पिल्लातही डेल्टा बँड: फ्लॉक्स कॉलनीत मुरलेला दोष कसा पकडायचा

कंडिशनल नॉकआउट उंदरांवर, म्हणजे ज्यांच्यातलं एखादं जनुक फक्त ठरावीक पेशींतून काढलं जातं अशा उंदरांवर, काम करणाऱ्यांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. शब्द वेगळे असतात, दुखणं तेच असतं. "जनुक फक्त चेतापेशींतून काढायचं होतं, पण कंट्रोल गटातलीच काही पिल्लं किरकोळ निघतात." "मागच्या वर्षी फरक ठळक होता, यंदा दोन्ही गट एकमेकांत मिसळलेत." "वेतात पिल्लं कमी होत चाललीत." मग कोणी अँटिबॉडी बदलतं, कोणी खाद्याला दोष देतं, कोणी नमुन्यांची संख्या वाढवतं. माझ्या अनुभवात यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एकाच जागी सापडलं आहे. फ्लॉक्स अलील, म्हणजे दोन्ही बाजूंना कापायच्या खुणा घातलेली जनुकाची प्रत, आईच्या किंवा बापाच्या बीजपेशींतच कापलं गेलेलं असतं, आणि आपण रोज लावतो ती पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघायची चाचणी) ते दाखवूच शकत नाही.

दाखवूच शकत नाही, हे शब्दशः घ्या. दुर्लक्ष होतं म्हणून हा दोष सुटतो असं नाही. पद्धतीतच त्याला दिसायला जागा नसते.

आधी बँडकडे नीट पाहू

क्री हे पी१ या बॅक्टेरिओफाजमधलं, म्हणजे जिवाणूंच्या विषाणूतलं, डीएनए कापणारं प्रथिन; हीच आपली कात्री. ते ३४ बेस जोड्यांची लॉक्सपी ही खूण ओळखतं. खुणेच्या दोन्ही टोकांना १३-१३ बेसचे एकमेकांना उलटे तुकडे, मधे ८ बेस, आणि त्या आठांवरून खुणेची दिशा ठरते. दोन लॉक्सपी एकाच दिशेने असतील तर मधला भाग वर्तुळ होऊन सुटतो आणि मागे एकच लॉक्सपी उरते. या उरलेल्या अलीलला आपण डेल्टा म्हणतो. १९९४ मध्ये क्लाउस राजेव्स्की यांच्या गटाने टी पेशींपुरतं डीएनए पॉलिमरेज बीटाचं जनुक काढून दाखवलं, त्यालाही हीच रीत वापरली होती. कात्री कुठे चालेल हे सर्वस्वी प्रमोटरच्या, म्हणजे क्री कोणत्या पेशींत बनेल हे ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या, हातात असतं, आणि एकदा चाललेली कात्री परत फिरत नाही. त्या पेशीची पुढची सगळी वंशावळ कापलेलीच राहते.

आता नेहमीची जीनोटायपिंग घ्या, म्हणजे कोणत्या उंदरात कोणते अलील आहेत हे पीसीआरने ओळखणं. प्रायमर म्हणजे ती पीसीआर जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा. प्रायमर अ हा पहिल्या लॉक्सपीच्या अलीकडे, प्रायमर ब हा तिच्या लगेच पलीकडे, म्हणजे कापल्या जाणाऱ्या भागाच्या आत. समजा जेलवर मूळ अलीलचा बँड २२० बेस जोड्यांना येतो आणि फ्लॉक्सचा २९० ला. डेल्टा अलीलमध्ये ब ला बसायला जागाच उरलेली नसते, त्यामुळे त्याचा बँड येत नाही. याचे परिणाम एकेक करून बघा.

फ्लॉक्स/डेल्टा उंदराला फक्त २९० चा बँड येतो. आपण वहीत लिहितो: फ्लॉक्स/फ्लॉक्स.

डेल्टा/मूळ उंदराला फक्त २२० चा बँड येतो. आपण लिहितो: वाइल्ड टाइप, म्हणजे दोन्ही प्रती मूळ. आणि त्याला कंट्रोल गटात टाकतो.

डेल्टा/डेल्टा उंदीर जगणारा असेल तर त्याला काहीच येत नाही. आपण लिहितो: डीएनए खराब, परत काढावा.

ही शेवटची नोंद मी स्वतः केलेली आहे. एकवीस दिवसांच्या नऊ पिल्लांचं वेत होतं. जेलवर सातव्या रांगेत काहीच नव्हतं. शेपटीचं टोक परत घेतलं, डीएनए परत काढला, रांग पुन्हा रिकामी. मी दोन दिवस पचवणाऱ्या बफरवर आणि प्रोटिनेज केवर घालवले. पण त्याच नळीतल्या डीएनएवर क्रीची जी पीसीआर लावली होती, तिच्यातला अंतर्गत कंट्रोलचा बँड स्वच्छ उमटलेला होता. डीएनए खराब असता तर तोही आला नसता. उत्तर शेजारच्या जेलवर पडलेलं होतं आणि मी ते क्रीसाठी वाचून बाजूला ठेवलं होतं. त्या पिल्लाचं वजन ७ ग्रॅम होतं, भावंडं ११ च्या आसपास होती, आणि त्याच्यात क्री नव्हतं. चेतापेशींपुरतं काढायचं म्हणून जपलेलं जनुक त्या पिल्लाच्या अंगातल्या एकाही पेशीत नव्हतं.

तेव्हापासून रिकामी रांग दिसली की मी सर्वात आधी त्याच डीएनएची दुसरी पीसीआर काढून बघतो. डीएनए परत काढायचं नंतर.

होमोझायगस कॉलनीत हे का लपतं

एखादी लाइन, म्हणजे उंदरांचा जपलेला वंश, फ्लॉक्स/फ्लॉक्स (दोन्ही प्रती सारख्या, म्हणजे होमोझायगस) झाली की बहुतेक ठिकाणी फ्लॉक्सची तपासणी बंद होते. सगळेच होमोझायगस, मग रोज तेच का तपासायचं? पुढे फक्त क्री आहे की नाही एवढंच बघितलं जातं. इथेच दोष मुरतो. क्री असलेल्या नराच्या काही शुक्रपेशींत डेल्टा तयार झाला तर त्याची काही पिल्लं फ्लॉक्स/डेल्टा होतात. तपासली तरी ती फ्लॉक्स/फ्लॉक्स म्हणूनच वाचली जातात. त्यांतलीच एक मादी पुढच्या जोडीला लागते. दोन-तीन पिढ्यांत कॉलनीतल्या डेल्टाचं प्रमाण वाढत जातं आणि आपल्याला वाटतं की प्रयोगाचा निकाल "विरळ" होतोय. दोन फ्लॉक्स/डेल्टा जोडीला लागले तर एक चतुर्थांश पिल्लं डेल्टा/डेल्टा होतात. ते जनुक गर्भात आवश्यक असेल तर ही पिल्लं जन्मालाच येत नाहीत, आणि हाती उरतं ते फक्त लहान झालेलं वेत.

एक खूण मात्र फुकटात मिळते. "फ्लॉक्स/फ्लॉक्स" उंदीर शुद्ध वाइल्ड टाइपशी लावला तर प्रत्येक पिल्लाला २२० आणि २९० असे दोन्ही बँड यायलाच हवेत. एखाद्या पिल्लाला नुसता २२० आला, तर नोंदीतली अदलाबदल वगळता एकच अर्थ उरतो: त्या पालकाकडून डेल्टा आलाय. त्याच्यात क्री नसेल तर तो स्वतःच फ्लॉक्स/डेल्टा आहे. जुन्या वह्यांत अशी "अशक्य" पिल्लं शोधा. आमच्या वहीत ती होती, शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलेली.

पक्की तपासणी

तिसरा प्रायमर मागवा. प्रायमर क हा दुसऱ्या लॉक्सपीच्या पलीकडचा, कापल्या जाणाऱ्या भागाच्या बाहेरचा. अ आणि क मिळून डेल्टाचा लहान बँड देतात, समजा ३८०. न कापलेल्या फ्लॉक्सवर हेच अंतर दोन-तीन हजार बेसचं असेल, तर वाढीचा वेळ तीस सेकंद ठेवल्यावर तो लांब तुकडा सहसा येत नाही. तिन्ही प्रायमर एकाच नळीत घालण्याचा मोह होतो, पण मी दोन वेगळ्या नळ्या लावतो: एकीत अ-ब, दुसरीत अ-क. एकत्र घातले की लहान तुकडा बाकीच्यांवर कुरघोडी करतो आणि वाचन अवघड होतं.

डेल्टाच्या नळीत बँड न येणं हे तेव्हाच विश्वासाचं, जेव्हा सोबत खरा डेल्टा असलेला नमुना चाललेला असेल. तो कुठून आणायचा? क्री असलेल्या प्रायोगिक उंदराच्या लक्ष्य ऊतीतून, उदाहरणार्थ मेंदूच्या कॉर्टेक्समधून डीएनए काढा. त्याच्यासोबत ज्या कॉलनीत क्री कधीच आलं नाही अशा फ्लॉक्स/फ्लॉक्सचा नमुना आणि डीएनए न घातलेली नळी, हे दोन्ही हवेतच.

आता तपासायचं कोणाला? क्री नसलेल्या पिल्लांना. सगळा निवाडा इथे होतो, आणि लोक नेमकं उलटं करतात, क्री असलेल्यांनाच तपासत बसतात. क्री असलेल्या पिल्लाच्या कानाच्या तुकड्यात डेल्टा बँड आला तर तो दोष असेलच असं नाही. कानात रक्त असतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर असतं, नसांची टोकं असतात. टाय२-क्री, वाव-क्री किंवा लायझोझाइम एम-क्री (नावातला पहिला भाग प्रमोटरचा) असेल तर कानात डेल्टा दिसणारच, कारण ते क्री रक्ताच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या पेशींत आपलं ठरलेलं काम करत असतं. शिवाय लहान तुकडा पीसीआरमध्ये पटापट वाढतो. शंभरातल्या दोन पेशी कापलेल्या असल्या तरी बँड अंगावर येईल इतका ठळक दिसू शकतो. बँडच्या जाडीवरून प्रमाण ठरवू नका. शंका असेल तर खऱ्या डेल्टाचा डीएनए फ्लॉक्सच्या डीएनएत दहास एक, पन्नासास एक असा मिसळून तीच पीसीआर लावा. आपली नळी किती संवेदनशील आहे ते डोळ्यांनी दिसेल.

क्री नसलेल्या पिल्लाकडे मात्र डेल्टा असण्याचं दुसरं कारणच नाही. कात्री त्याच्या अंगात नाही. डेल्टा आहे म्हणजे तो शुक्रपेशीतून किंवा अंडपेशीतून आलाय, नाहीतर अंडपेशीत आईने ठेवलेल्या क्री प्रथिनाने गर्भाच्या पहिल्याच तासांत कापलाय. आई क्री असलेली असेल तर हे दुसरं शक्य असतं, जरी पिल्लाला क्रीचं जनुक मिळालेलं नसलं तरी. नराच्या बाबतीतही तसंच: वाढणाऱ्या शुक्रपेशी एकमेकींना पेशीद्रवाच्या पुलांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे क्रीचं जनुक न मिळालेल्या शुक्रपेशीतही प्रथिन पोहोचू शकतं.

निर्णय देण्याआधी एकदा नवा तुकडा घेऊन परत तपासा. कान टोचायचा पंच दोन उंदरांमध्ये नीट पुसला नाही तर शेजाऱ्याचा डीएनए येतो, आणि इतक्या संवेदनशील पीसीआरला तेवढं पुरतं.

क्री असलेल्या उंदराचाच निकाल हवा असेल तर कापल्या जाणाऱ्या भागाच्या आतले प्रायमर घेऊन जीनोमिक डीएनएवर क्यूपीसीआर, म्हणजे प्रती मोजणारी पीसीआर, लावा, सोबत दोन प्रती असलेलं एखादं संदर्भ जनुक ठेवा. लक्ष्य पेशी नसलेल्या ऊतीत फ्लॉक्स/फ्लॉक्सला दोन प्रती यायला हव्यात, फ्लॉक्स/डेल्टाला एक. दीडच्या आसपास आकडा आला तर काही पेशी कापलेल्या, काही नाहीत: बहुधा गर्भाच्या सुरुवातीला क्री काही पेशींत चालून गेलेलं असतं. असे मोझेक उंदीर प्रयोगाला सर्वात घातक, कारण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं.

कोणत्या लाइनवर संशय घ्यावा

सगळ्यांवर. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मज्जासंस्थेच्या कामात वापरल्या जाणाऱ्या ६४ क्री लाइन तपासल्या गेल्या, आणि निम्म्याहून अधिक लाइनमध्ये कमीजास्त प्रमाणात बीजपेशींतच कापाकापी झालेली आढळली. पुष्कळदा ती आई की बाप यावर अवलंबून होती. सिनॅप्सिन१-क्री हे ठळक उदाहरण. हा प्रमोटर वृषणातही चालतो, म्हणून ही क्री मादीकडून पुढे न्यावी असं सांगितलं जातं. टाय२-क्रीत उलटं आहे, तिथे धोका मादीच्या बाजूने असतो, म्हणून क्री नराकडून आणतात. नव्या लाइनसाठी दोन्ही बाजूंनी एकेक जोडी लावून क्री नसलेल्या वीसेक पिल्लांचं डेल्टा तपासा. खर्च दोन पिंजऱ्यांचा आणि दोन महिन्यांचा. प्रयोग अर्ध्यात आल्यावर हेच करायची वेळ आली तर कितीतरी उंदीर फुकट जातात, आणि ते मला पैशांपेक्षा जास्त सलतं.

कॉलनी दुरुस्त करताना

डेल्टा सापडला म्हणून सगळी कॉलनी टाकून द्यायची गरज नाही. क्री आणि फ्लॉक्स वेगळे करा. फ्लॉक्सची कॉलनी क्रीशिवाय ठेवा, क्रीची कॉलनी फ्लॉक्सशिवाय वाइल्ड टाइपवर ठेवा, आणि दोघांची गाठ फक्त प्रयोगासाठी लागणाऱ्या जोड्यांत पडू द्या. क्री आणि फ्लॉक्स दोन्ही अंगावर असलेला उंदीर पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीला वापरणं थांबवा. पैदाशीच्या प्रत्येक फ्लॉक्स/फ्लॉक्स उंदराला एकदा अ-क ची पीसीआर लावा. फ्लॉक्स/डेल्टा निघाले तर ते बाजूला करा.

तरीही एक अडचण राहतेच. फ्लॉक्स/फ्लॉक्स आणि क्री असलेलं पिल्लू हवं असेल तर आईबापांपैकी एकाच्या अंगावर क्री आणि फ्लॉक्स दोन्ही असावंच लागतं. लाइनची सुरक्षित बाजू माहीत असेल तर त्या बाजूचा पालक निवडा. दोन्ही बाजूंना गळती असेल तर मला आवडणारा मार्ग वेगळा आहे: डेल्टा जाणूनबुजून वापरायचा.

क्री असलेला पालक डेल्टा/मूळ ठेवा. त्याच्या अंगावर फ्लॉक्सच नाही, म्हणजे त्याच्या बीजपेशींत कापायला काही नाही. त्याची जोडी क्री नसलेल्या फ्लॉक्स/फ्लॉक्सशी लावा. पिल्लं चार प्रकारची, प्रत्येकी साधारण एक चतुर्थांश: फ्लॉक्स/डेल्टा क्रीसह, फ्लॉक्स/डेल्टा क्रीविना, फ्लॉक्स/मूळ क्रीसह, फ्लॉक्स/मूळ क्रीविना. पहिला तुमचा प्रायोगिक गट. बाकी तीन म्हणजे हवे ते सगळे कंट्रोल, एकाच वेतातले. क्री हे आईकडून अंडपेशीत उतरतं अशी शंका असेल तर क्रीचा पालक नर ठेवा. प्रायोगिक उंदराच्या प्रत्येक पेशीत आता दोनऐवजी एकच प्रत कापायची असते, त्यामुळे लक्ष्य ऊतीत कापणीही अधिक पूर्ण होते. अट एकच: डेल्टाची एक प्रत असताना उंदीर निरोगी असला पाहिजे. एका प्रतीनेच लक्षणं दिसत असतील तर तुलना काटेकोरपणे फ्लॉक्स/डेल्टा क्रीविना या गटाशीच करा, नाहीतर हा मार्ग सोडा.

डेल्टा सापडला नाही तर

लक्षणं तशीच पण क्री नसलेली पिल्लं स्वच्छ निघाली, तर आधी अलील कुठलं आहे ते बघा. मोठ्या नॉकआउट प्रकल्पांतून आलेलं टीएम१ए अलील फ्लॉक्स नसतं. त्यात लॅकझेड आणि निओ या खुणेसाठी घातलेल्या जनुकांची पेटी अजून बसलेली असते आणि जनुक आधीच बंद किंवा अर्धवट बंद असतं. फ्लिप या क्रीसारख्याच दुसऱ्या कात्रीने ती पेटी काढल्यावर मिळणारं टीएम१सी हेच खरं कंडिशनल अलील. ही पायरी राहून गेलेली मी एकाहून जास्त वेळा पाहिली आहे. दुसरं, निव्वळ क्रीचा परिणाम: नेस्टिन-क्री उंदीर फ्लॉक्स नसतानाही भावंडांपेक्षा हलके भरतात, म्हणून फ्लॉक्सविना क्री हा कंट्रोल टाळू नका. टॅमॉक्सिफेनने चालणारं क्री-ईआरटी२ असेल तर औषध सगळ्या गटांना सारखंच द्या, कारण टॅमॉक्सिफेनचे स्वतःचे परिणाम असतात. औषध दिलेले आणि न दिलेले उंदीर एका पिंजऱ्यात ठेवू नका, ते विष्ठेतून बाहेर पडतं आणि उंदीर विष्ठा खातात.

आधीच्या आकड्यांचं काय करायचं

हा भाग कोणालाच नको असतो, पण तो करावाच लागतो. शीतकपाटात जपलेला जुना शेपटीचा डीएनए बाहेर काढा आणि प्रत्येक कंट्रोलला अ-क लावा. हे तपासताना गटांची नावं झाकून ठेवा, म्हणजे हवा तो बँड दिसण्याचा मोह होत नाही. डेल्टा निघालेले कंट्रोल विश्लेषणातून काढा. ज्यांचा डीएनए उरलेलाच नाही, त्यांची मूठभर ऊती कुठे गोठवलेली किंवा पॅराफिनमध्ये असेल तर तीही चालते, अ-क चा तुकडा लहान असल्यामुळे जुन्या डीएनएतूनही तो बऱ्याचदा मिळतो. तेही नसेल तर तो उंदीर वगळा आणि का वगळला ते लिहा. आमच्या आलेखात कंट्रोलच्या ठिपक्यांचा एक पुंजका कायम खाली असायचा, आणि आम्ही त्याला नैसर्गिक विविधता म्हणायचो. जुने नमुने तपासल्यावर त्या पुंजक्यातला जवळपास प्रत्येक ठिपका फ्लॉक्स/डेल्टा निघाला.